पडदा चादरीसारखा सपाट का दिसतो?

प्रश्न : खिडकी 4 फूट रुंद आहे. दांडी 64 इंचांची लावली आणि 54 इंच पन्ह्याचे (म्हणजे कापडाच्या रुंदीचे), कापडातच बसवलेल्या रिंगांतून दांडी जाते असे रिंगवाले दोन सुती पडदे शिवून घेतले. ओढल्यावर ते सपाट दिसतात, एक कड खोलीच्या बाजूला उघडी राहते आणि पहिल्याच धुण्यात ते आखूड झाले. काय चुकलं?

उत्तर : दांडी तुम्ही बरोबर घेतली आहे; दोन्ही बाजूंना 8 इंच जास्त असल्याने कडेचा उजेड अडतो. कमी पडलं ते कापड. रिंगांच्या पडद्याला दांडीच्या दुप्पट, म्हणजे 128 इंच कापड लागतं. दोन पन्हे मिळून 108च होतात, त्यातही कडांची दुमड जाते. तीन पन्हे घ्या आणि प्रत्येक पडद्याला दीड पन्हा द्या. अर्धा पन्हा पडद्याच्या बाहेरच्या कडेला जोडा, म्हणजे जोड चुणीत लपतो.

कड उघडी राहते ती रिंगांची संख्या विषम असल्यामुळे. प्रत्येक पडद्यात त्या समच हव्यात, तरच दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. दोन रिंगांमध्ये साधारण 6 इंच अंतर ठेवा. वरच्या पट्टीत बकरम (आतून लावायचं कडक कापड) घालायला विसरू नका, नाहीतर रिंगांच्या वजनाने कापड लोंबतं.

सुती कापड कापण्याआधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं. हे टाळूच नये. खाली 4 इंचांची दुहेरी दुमड ठेवली, तर पुढेमागे उसवून लांबी वाढवता येते. तुमच्या पडद्यांत तशी दुमड असेल, तर आत्ताच उसवून पाहा.