गाडी टो करायची तर सर्वांत सुरक्षित पद्धत कोणती?

फ्लॅटबेड. चारही चाकं जमिनीवरून उचललेली, गाडी आख्खी ट्रकवर. ऑटोमॅटिक, फोर व्हील ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रिक असेल तर दुसरा विचारच नको. इलेक्ट्रिक गाडीत चाकं फिरली की बहुतेक वेळा मोटरही फिरते, वीज तयार होते आणि महागडे पार्ट जळू शकतात. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा ऑइल पंप सहसा बंद असतो, त्यामुळे न्यूट्रलमध्ये ओढली तरी आतले भाग कोरडे घासतात.

साधी मॅन्युअल, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर पुढची चाकं उचलून नेणारी क्रेनही चालते. मात्र हँडब्रेक सोडलाय ना, ते बघा. हे हमखास विसरलं जातं.

दोरी बांधून ओढणं मी तरी टाळतो. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेक दोन-तीनदा दाबला की दगडासारखा घट्ट. त्यात किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक. अगदीच नाइलाज असेल तर किल्ली ऑन ठेवा, हॅझर्ड लाइट लावा आणि टो हुक (दोरी अडकवायची, गाडीला पिळून बसवायची कडी) पूर्ण घट्ट पिळा. बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे डावीकडे फिरवल्यावर बसतो. बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला दोरी बांधू नका.

ट्रकवर चढवल्यावर पट्टे टायरवरून आवळलेत का बघा. चढवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, नंतर ओरखड्यावरून वाद नको.