लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, मग ती जिवंत कशी राहते?

तयार होताना बनवून ठेवलेल्या प्रथिनांवरच ती साधारण 120 दिवस जगते. पूर्ण तयार झाल्यावर नवं प्रथिन तिला बनवता येत नाही. अस्थिमज्जेत तयार होताना तिच्यात केंद्रक असतं. हिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहणारं प्रथिन) भरत आलं की पेशी केंद्रक बाहेर ढकलते आणि तिथल्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. पुढे एक-दोन दिवसांत ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका आणि प्रथिनं बनवणारे रायबोसोमही जातात. म्हणजे ऑक्सिजन वाहणारी ही पेशी स्वतः मात्र तो वापरत नाही! ग्लुकोज ऑक्सिजनविना मोडून तिला थोडं एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतं, आणि त्यावर पटलातले, म्हणजे बाहेरच्या आवरणातले, सोडियम-पोटॅशियमचे पंप चालू राहतात. ते थांबले तर पेशी फुगून फुटेल.

या त्यागाचा फायदा मोठा आहे. एका पेशीत हिमोग्लोबिनचे जवळपास 27 कोटी रेणू मावतात आणि 7-8 मायक्रोमीटरची ही चकती तिच्याहून अरुंद केशवाहिनीतूनही दुमडून निघते. दुरुस्तीची सोय नसल्याने पटल हळूहळू ताठर होतं. मग प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला मोडतात, लोह मात्र पुन्हा वापरात येतं. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजणारी मधुमेहींची एचबीएवनसी चाचणी दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, तेही याच आयुर्मानामुळे.

फक्त हे सस्तन प्राण्यांपुरतं समजा. कोंबडी, बेडूक, मासे यांच्या लाल पेशींत साधारणपणे केंद्रक असतं. बेडकाच्या रक्ताचा थेंब रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलात तर ते स्पष्ट दिसेल.