जुनी एसयूव्ही घेताय? विचारा, आणि लेखी विचारा

प्रश्न : २०१४ सालची सात आसनी डिझेल एसयूव्ही घेण्याच्या बेतात आहे. मीटरवर ८२ हजार किलोमीटर दिसतात. देणारे ओळखीचे आहेत, वर्षाला तीन-चार गाड्यांचे व्यवहार करतात. आरसी अजून मूळ मालकाच्या नावावर आहे, पण मालकी बदलण्यासाठीचे फॉर्म २९ आणि ३० त्यांच्या सहीने तयार आहेत. ५० हजार टोकन मागितलंय आणि एका कागदावर माझी सही हवी आहे : ‘गाडी आहे त्या स्थितीत घेतली, पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही.’ दोन महिन्यांत इंजिनचं काम निघालं तर मला कायद्याने काही मागता येईल का?

उत्तर : टोकन अजून दिलेलं नाही, हे फार बरं झालं. या व्यवहारात तुमचा शब्द चालतो तो फक्त तोवरच.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं : इंजिन बिघडलं, एवढ्याच कारणावरून काही मिळणार नाही. अकरा-बारा वर्षांच्या गाडीचं इंजिन कधीतरी काम काढणारच, हे कायदाही गृहीत धरतो. पण दोष समोरच्याला ठाऊक होता आणि तो त्याने लपवला किंवा त्याबद्दल खोटं सांगितलं, हे दाखवता आलं, तर चित्र बदलतं. म्हणून आत्तापासूनची तुमची प्रत्येक हालचाल हे पुढे दाखवता यावं अशी असायला हवी.

आपल्या १८७२च्या करार कायद्यात, कलम १७ मध्ये, फसवणूक म्हणजे काय ते समजावताना एका घोड्याची उदाहरणं दिली आहेत. घोडा आजारी आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, तो लिलावात घोडा विकतो आणि काहीच बोलत नाही. ही फसवणूक नाही. पुढच्या एका उदाहरणात घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाकारलं नाहीत, तर घोडा ठणठणीत आहे असं मी धरून चालेन.’ विकणारा गप्पच राहतो. आता मात्र त्याचं गप्प राहणं हे बोलण्यासारखंच मानलं जातं. घोडा तोच, दोष तोच, विकणाऱ्याचं मौनही तेच. फरक पडला तो घेणाऱ्याने विचारलं म्हणून. दीडशे वर्षांपूर्वीचं हे उदाहरण मी माझ्या अशिलांना अजूनही सांगते, कारण जुन्या गाडीच्या बहुतेक तक्रारी माझ्याकडे येतात तेव्हा हेच एक वाक्य विचारायचं राहून गेलेलं असतं.

तर तुम्ही ते विचारा. व्हॉट्सॲपवर, साध्या भाषेत : ‘गाडी पाण्यात बुडाली होती का? मोठा अपघात झालाय का? मीटर बदलला किंवा फिरवला आहे का? इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स कधी उघडलाय का? ऑइल किती खाते? फोर-व्हील-ड्राइव्ह चालू आहे का? तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तर यातलं काही झालेलं नाही आणि सगळं व्यवस्थित आहे असं समजून मी पैसे देतोय.’ उत्तर फोनवर आलं तर फोन ठेवल्यावर लगेच ‘तुम्ही आत्ता असं सांगितलंत’ म्हणून पुन्हा लिहून पाठवा. हे संदेश पुसू नका आणि फोनही विकून टाकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा न्यायालयात दाखल करताना सोबत प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

आता गाडी तपासण्याबद्दल. इथे कायद्यात एक मेख आहे आणि ती तुम्हाला माहीत असायला हवी. मालविक्री अधिनियम, १९३०च्या कलम १६ नुसार, व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा अशी अट मनात धरली जाते. पण तुम्ही माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दिसायलाच हवं होतं त्याबद्दल मागाहून तक्रार करता येत नाही. करार कायद्याच्या कलम १९ मध्येही, चुकीच्या माहितीच्या किंवा मौनाच्या बाबतीत, साधी दक्षता घेऊन खरं काय ते कळण्यासारखं असेल तर करार रद्द करता येत नाही. मग तपासूच नये का? तपासावीच. घरच्यांना घेऊन एक फेरी मारणं म्हणजे तपासणी नव्हे. त्याच मॉडेलवर हात बसलेला मेकॅनिक घेऊन जा आणि त्याने काय पाहिलं ते तारखेसह लिहून त्याची सही घ्या. पुढे ‘तुम्ही तर गाडी पाहिली होती’ असं म्हटलं गेलं, तर काय दिसलं होतं आणि काय दिसणं शक्यच नव्हतं, हे तो कागद सांगेल.

मी मेकॅनिक नाही, पण या खटल्यांमुळे काही गोष्टी पाठ झाल्या आहेत. गाडी पाहायला जाताना इंजिन गरम करून ठेवू नका असं आधी सांगा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. थंड इंजिनाला सेल्फ मारल्यावर ते कसं उठतं आणि धूर कोणत्या रंगाचा येतो, ते पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थांबता थांबत नाही असा पांढरा धूर असेल तर कूलंट आत जात असल्याची शंका घ्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गाडी बुडालेली असेल तर वरवर धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाचा डाग राहून जातो. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्यावर असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ८२ हजार किलोमीटरच्या गाडीला तिसरा टायरसंच लागला असेल, तर किलोमीटरबद्दल पुन्हा विचारायला जागा आहे. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात, ती बिलं तारखेच्या क्रमाने लावा. विम्याची पॉलिसीही मागा. नो क्लेम बोनस ५० टक्के असेल, तर सलग पाच वर्षं दावा झालेला नाही. शून्य असेल तर बहुधा एक तर दावा झालाय, नाहीतर मधे विमा खंडित झालाय. कारण विचारा.

आणि डॅशबोर्ड. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. सगळे इशाऱ्याचे दिवे एकदा पेटले पाहिजेत. इंजिनचा पिवळा दिवा पेटलाच नाही, तर तो कुणीतरी बंद केला असण्याची दाट शक्यता आहे. कायद्याच्या दृष्टीने याला फार महत्त्व आहे. दोषाबद्दल गप्प राहणं ही एक गोष्ट, आणि दिवा काढून टाकणं किंवा इंजिनचा आवाज दबावा म्हणून ऑइलमध्ये काहीतरी घट्ट ओतणं ही वेगळी. याला कलम १७ सक्रिय लपवणूक म्हणतं. अशी लपवणूक सिद्ध झाली, तर ‘घेणाऱ्याने नीट पाहायला हवं होतं’ हा कलम १९ मधला बचाव विकणाऱ्याला मिळत नाही.

‘आहे त्या स्थितीत’ या कागदाचं काय? मालविक्री अधिनियमाच्या कलम १६ मधल्या अटीसारख्या गृहीत धरलेल्या अटी करार करून वगळता येतात, त्याच कायद्याचं कलम ६२ तशी मुभा देतं. म्हणजे त्या कागदाला वजन आहे, सहज म्हणून सही करू नका. पण फसवणुकीवर तो पांघरूण घालू शकत नाही. सही करावीच लागली, तर त्याच कागदावर ‘विक्रेत्याने अमुक तारखेला दिलेल्या लेखी उत्तरांवर विसंबून’ एवढे शब्द घालायला लावा. ते नकार देत असतील, तर मी तुमच्या जागी असते तर तिथूनच परत फिरले असते.

माझ्या मते या व्यवहारातली सगळ्यात कच्ची जागा इंजिन नाही, आरसी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी विकणाऱ्याने एकाच राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तुमच्या परिचितांनी ते केलेलं नाही. उद्या काही निघालं तर मूळ मालक म्हणतील, ‘मी यांना ओळखत नाही’ आणि तुमचे परिचित म्हणतील, ‘मी तर फक्त मध्यस्थ.’ दोघांच्या मधे तुम्ही. म्हणून मूळ मालकांना प्रत्यक्ष भेटा. पावतीवर दोघांच्याही सह्या घ्या, पैसे बँकेतून द्या. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. चासी नंबर स्वतः वाचून आरसीशी पडताळा. आणखी एक : २०१४च्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२९ मध्ये तिचं पुन्हा पासिंग करून घ्यावं लागेल. किंमत ठरवताना ते धरा.

परिचित नियमित गाड्या विकतात, हे तुमच्या बाजूचं आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून प्राधिकार प्रमाणपत्र घेण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. त्यांच्याकडे आहे का, तेही त्याच संदेशात विचारा. ते व्यवसाय म्हणून विकतात हे दाखवता आलं, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येईल. एखाद्याने स्वतःची एकच गाडी विकली असेल तर तो मार्ग नाही, दिवाणी न्यायालय उरतं.

गाडी घेतल्यावर खरंच काम निघालं, तर इंजिन उघडण्याआधी दोघांनाही लेखी कळवा आणि पाहायला बोलवा. दुरुस्त करून मग नोटीस पाठवली की पुरावा गॅरेजच्या भंगारात गेलेला असतो. काढलेले भाग जपून ठेवा. करार रद्द करायचा असेल तर कळल्यावर गाडी वापरत राहू नका.

आणि ताबा घ्याल त्या दिवशी पावतीवर तारखेबरोबर वेळ आणि मीटरचा आकडाही लिहा. त्या क्षणापर्यंतची चलनं आणि अपघात कुणाच्या काळातले, हे त्यावरून ठरतं. विमा तुमच्या नावावर करण्यासाठी तिथून चौदा दिवस आहेत. तोवर तृतीय पक्षाचं संरक्षण तुमच्याकडे आलेलं असतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं नाही. त्यामुळे तो अर्ज त्याच दिवशी टाका.