मुलगी दुसरीत आहे आणि ‘गणित पोरांचं असतं’ म्हणते. मुलींचं डोकं गणितात खरंच कमी चालतं का?

नाही ताई. आणि हे वाक्य तिचं नाही, कुठूनतरी कानावर पडलेलं आहे.

2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या मुलामुलींवरचा एक अभ्यास आला होता. ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगायची आणि बायका-पुरुषांच्या चित्रांतून तो माणूस ओळखायला लावायचा. पाच वर्षांच्या मुली मुलांइतक्याच वेळा आपल्यातलीच निवडत. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र हे प्रमाण घसरलं. गंमत म्हणजे, शाळेत मार्क कोणाला जास्त, असं विचारलं तर त्या मुलींकडेच बोट दाखवत! म्हणजे मार्क मेहनतीचे, डोकं पोरांचं. ‘खूप हुशार मुलामुलींचा खेळ’ म्हटलं की त्या मागे सरत, ‘खूप मेहनती मुलामुलींचा’ म्हटलं की नाही.

मी नागपुरात शिकवण्या घेते. मुलाला ‘डोकं आहे, पण अभ्यास करत नाही’ आणि मुलीला ‘बिचारी खूप घोकते’, हे पालक तिच्यासमोरच बोलतात. काहून बाप्पा? मार्क तर दोघांचे सारखेच!

तुम्ही स्वतः ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ म्हणणं आधी बंद करा. बर्डीच्या बाजारात भाजी घेताना हिशेब तिच्याकडे द्या, चुकला तर तिलाच शोधू द्या. आणि आपल्याच नागपूरच्या दिव्या देशमुखचे डाव दाखवा, तिनं 2025 चा महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकलाय. बुद्धिबळ म्हणजे गणित नव्हे, कबूल. पण डोक्याचा खेळ आहेच ना.