नोंदी पाहण्याची परवानगी किती द्यावी?

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह असून गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. आता मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी त्यांना दुसऱ्या रुग्णालयात नेतो, तेथे आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य नोंदींसाठीचा ओळख क्रमांक) मागितला आणि मोबाइलवर नोंदी पाहण्याच्या परवानगीची विनंती आली. ती मान्य केल्यास सारे कागद सर्वांसमोर उघडे पडतील, अशी भीती वाटते. तूर्त मी रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवितो. ते योग्य आहे का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपण ज्या मार्गाला भिता त्यापेक्षा व्हॉट्सॲपचाच मार्ग अधिक उघडा आहे. ही विनंती ज्या सरकारी व्यवस्थेतून येते त्या, सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये सर्वांचे कागद एका ठिकाणी गोळा होत नाहीत. वडिलांची डिस्चार्ज समरी ज्या रुग्णालयाने तयार केली त्याच्याकडेच राहते, १४ अंकी आभा क्रमांकामुळे ती त्यांच्या नावाशी जोडली जाते, आणि परवानगी मिळाल्यावर ती कुलूपबंद स्वरूपात थेट मागणाऱ्या रुग्णालयाच्या प्रणालीत जाऊन तेथेच उलगडते. हा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे.

विनंती मात्र घाईने मान्य करू नये. कोण मागतो, कशासाठी, कोणत्या प्रकारच्या व कोणत्या काळातील नोंदी आणि परवानगी केव्हा संपणार, हे तीत लिहिलेले असते, व यातील नोंदींचा प्रकार, काळ आणि मुदत आपल्याला बदलता येते. अँजिओप्लास्टीच्या वेळी धमनीतून दिलेल्या, क्ष-किरणांत रक्तवाहिन्या दिसाव्यात यासाठीच्या द्रव्याचा भार मूत्रपिंडावर पडू शकतो, म्हणून डॉक्टरांना त्याआधीचे व नंतरचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालते हे दाखविणारा रक्तातील घटक) शेजारी शेजारी ठेवून पाहायचे असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणत्या, हेही हवे असते. तेवढ्या काळातील तपासण्या, डिस्चार्ज समरी आणि औषधचिठ्ठ्या द्याव्यात. जुन्या हर्नियाचे कागद त्यांना कशाला? परवानगी मागे घेता येते, परंतु वाचलेले परत येत नाही, यासाठी मुदत आरंभीच आखूड ठेवावी.

फोटोत बहुधा वरची कडा कापली जाते आणि तिच्याबरोबर नाव व तारीखही जाते. शिवाय तोच फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत राहतो. माझ्या मते खरी कच्ची जागा रुग्णालयाच्या आत असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कामकाज कागदावर करावे लागले होते. काउंटरवरील सर्वजण एकच पासवर्ड वापरीत असतील, तर परवानगीची व्यवस्था कितीही चोख असली तरी ती तेथे कामाला येत नाही. आपल्या हाती एवढेच की ओटीपी काउंटरवर मोठ्याने सांगू नये.

जुने रुग्णालय या व्यवस्थेत नसल्यास लेखी अर्ज करावा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी ३ वर्षे जपणे व मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्जात अँजिओग्राफीच्या सीडीचा स्वतंत्र उल्लेख करावा, कारण लेखी समरीबरोबर ती आपोआप मिळेलच असे नाही.