कोई माशांना वर्षभर एकच प्रकारचे दाणे पुरेत का?

घोडबंदर रोडला गच्चीवरच्या टाकीत सहा कोई आहेत, त्यांना दाण्यांसोबत घरातले काय द्यावे आणि थंडीत खाद्य बदलावे का, असे आपण विचारले आहे. नेरूळला माझ्या अंगणातल्या हौदात कोई आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

थंडीचा प्रश्न लगेच मिटण्यासारखा आहे. पाणी १५ अंशांखाली गेल्यावर गव्हाच्या अंकुराचे हलके दाणे द्यावेत आणि १० अंशांखाली खाणे जवळजवळ बंद करावे, हा नियम जपानमधल्या निइगातासारख्या बर्फाळ प्रदेशाचा आहे. आपल्याकडे पाणी इतके थंड होत नाही. जानेवारीत सकाळी मासे सुस्त दिसले, तर ऊन चढल्यावर खायला घालावे, एवढे पुरते.

कोईला जठर नसते, त्यामुळे एकदम पोटभर घालण्यापेक्षा दिवसातून तीन वेळा, पाच मिनिटांत संपेल इतकेच घालावे. उरलेले अन्न कुजून पाण्यात अमोनिया वाढतो, आणि एप्रिल-मेच्या कोमट पाण्यात मुळातच प्राणवायू कमी असल्यामुळे तो माशांना अधिक बाधतो. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, म्हणून रात्री उशिरा काही घालू नये.

मुख्य आहार ३५ ते ४० टक्के प्रथिने असलेल्या दाण्यांचाच ठेवावा. त्याला जोड म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा मी साल काढून चुरडलेले उकडलेले मटार, दगडाला बांधून सोडलेली पालकाची पाने किंवा कलिंगडाची फोड देतो. कोईचे दात घशात असतात. तोंडाने ते फोडीचा गर ओढून ओढून खातात आणि तासाभराने पाण्यावर कागदासारखी पातळ साल तरंगताना दिसते. अधूनमधून सोललेली, बिनमिठाची उकडलेली कोळंबी किंवा कीटकनाशक न मारलेल्या कुंडीतली गांडुळे द्यावीत. सुकट मात्र खारवलेली असू शकते, ती टाळावी. पोळी, भात आणि पावही नको. पिष्टमय अन्नाने मासे नुसते सुटतात. (आमच्या आईला हे अजून पटलेले नाही, तिचा पोळीचा तुकडा हौदापर्यंत पोहोचतोच.)

रंग खुलवणारे स्पिरुलिनाचे (एका सूक्ष्म शेवाळाचे) दाणे रोज घालू नयेत. मी ते सलग घातले, तेव्हा माझ्या कोहाकूचा (पांढऱ्या अंगावर लाल पट्टे असलेल्या कोईचा) लाल रंग गडद झाला खरा, परंतु पांढऱ्या भागावर पिवळट झाक आली. आता आठवड्यातून दोनच दिवस घालतो.

आपल्याकडे खरी काळजी पावसाळ्यात घ्यावी लागते. दमट हवेत दाण्यांना बुरशी लागते, आणि पिशवी जुनी होईल तसे त्यांतले क जीवनसत्त्वही कमी होत जाते. एका जुलैत स्वस्त पडली म्हणून आणलेल्या पाच किलोंच्या पिशवीत दाण्यांचे गोळे झाले आणि कुबट वास येऊ लागला, तेव्हा अर्धी पिशवी फेकून द्यावी लागली. आता मी एक किलोच आणतो, दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात भरतो आणि पिशवी उघडल्याची तारीख डब्यावर लिहून ठेवतो.