मालकाचा स्पॉन्सर परवाना रद्द झाला, तर केअर वर्करने काय करावे?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील असून माझे शिक्षण जीएनएम (नर्सिंगची पदविका) आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर इंग्लंडला आले. पती आणि आठ वर्षांची मुलगी डिपेंडंट म्हणून सोबत आहेत. व्हिसा २०२८ पर्यंत आहे. गावाकडच्या एजंटला चौदा लाख रुपये दिले होते. आठवड्याला ३९ तास काम ठरले होते, प्रत्यक्षात वीसही मिळाले नाहीत. गेल्या महिन्यात होम ऑफिसने (ब्रिटनच्या गृहखात्याने) आमच्या केअर होमचा परदेशी कामगार ठेवण्याचा म्हणजे स्पॉन्सर परवाना रद्द केला आणि शिफ्टही बंद झाल्या. मॅनेजर म्हणतात, अपील केले आहे, थांबा. मला अजून पत्र आलेले नाही. एक गृहस्थ सहा हजार पौंडांत दुसरीकडचे सीओएस (सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसासाठी मालकाने द्यायचे प्रमाणपत्र) मिळवून देतो म्हणतात. सासूबाई आजारी आहेत, तोवर गावी जाऊन यावे का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे भाग आहे, कारण त्यातली चूक नंतर सुधारता येणार नाही. सध्या देश सोडू नका. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्कर आणण्याचा मार्ग बंद केला आहे. जे आधीपासून या व्हिसावर तिथे आहेत त्यांना देशात राहूनच मालक बदलता येतो. आपण सांगलीत असताना व्हिसा रद्द झाला, तर तिथून केअर वर्कर म्हणून नवा अर्ज करण्याची वाट उरत नाही. नवा अर्ज दाखल केल्यावर निकालाआधी ब्रिटनबाहेर गेल्यास तो अर्ज मागे घेतला असे धरले जाते. सासूबाईंची काळजी मी समजू शकतो, पण या प्रवासाची किंमत तिघांचेही वास्तव्य ही असू शकते.

परवाना निलंबित होणे आणि रद्द होणे यांत मोठा फरक आहे. निलंबनाच्या काळात मालकाला नवे सीओएस देता येत नाही, पण आधीच्या कामगारांची नोकरी चालू राहू शकते. आपल्या बाबतीत परवाना रद्दच झाला आहे. अशा वेळी, मालकाच्या गैरप्रकारात कामगाराचा हात नसेल, तर होम ऑफिस त्याचा व्हिसा सहसा साठ दिवसांवर आणते आणि तसे पत्र पाठवते. हे पत्र परवाना रद्द झाल्यानंतर काही महिन्यांनीही येऊ शकते. म्हणून आपल्या यूकेव्हीआय (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) खात्यातील ईमेल, फोन आणि पत्ता आजच तपासा; एजंटने स्वतःचा ईमेल दिला असेल तर तो बदलून घ्या. एजंटच्या इनबॉक्समध्ये पत्र पडून राहिले आणि मुदत संपत आली, असे प्रकार घडतात.

या साठ दिवसांविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहे. नवी नोकरी सुरू होणे किंवा नवा व्हिसा हातात पडणे त्या मुदतीत आवश्यक नाही. नव्या मालकाकडून सीओएस घेऊन ऑनलाइन अर्ज शुल्कासह दाखल होणे आवश्यक आहे. मुदतीत अर्ज झाला की १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३सी नुसार निर्णय होईपर्यंत आपले वास्तव्य कायदेशीर राहते. मात्र जुन्या व्हिसाच्या अटीही तशाच राहतात, त्यामुळे मंजुरी येण्यापूर्वी नव्या मालकाकडे एकही शिफ्ट करू नये, मग तो कितीही घाई करो. पत्राची वाट पाहण्याचेही कारण नाही. आपला व्हिसा आज चालू आहे, तेव्हा अर्ज आजही करता येतो आणि तोच शहाणपणा आहे.

मॅनेजरच्या आश्वासनावर विसंबू नका. परवाना रद्द करण्याच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूदच नाही. मालक फार तर हायकोर्टात न्यायिक पुनर्विलोकन मागू शकतो. त्याला महिने लागतात आणि केवळ याचिका दाखल झाल्याने परवाना परत येत नाही. नव्या परवान्यासाठीही साधारणपणे बारा महिने थांबावे लागते.

नवा मालक शोधताना गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावरील परवानाधारक स्पॉन्सरांची यादी पाहा आणि ‘ए’ श्रेणीच्याच संस्थांना अर्ज करा. इंग्लंडमध्ये केअर वर्कर ठेवणारी संस्था सीक्यूसी या केअर सेवांवर देखरेख करणाऱ्या नियामकाकडे नोंदलेलीही हवी. ९ एप्रिल २०२५ पासून वेतन तासाला किमान १२.८२ पौंड आणि वर्षाला किमान २५,००० पौंड असावे लागते. पगार त्याखाली दाखवला असेल तर अर्ज नामंजूर होईल. ज्यांचे स्पॉन्सर गेले अशा कामगारांना नवे मालक जोडून देण्यासाठी इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलांच्या प्रादेशिक भागीदाऱ्या उभ्या केल्या गेल्या आहेत; आपल्या कौन्सिलच्या अ‍ॅडल्ट सोशल केअर विभागाकडे त्याबद्दल लेखी विचारणा करा. परदेशातून भरती बंद असल्याने चांगल्या संस्थांना आपल्यासारख्या अनुभवी व्यक्तींची गरज आहे, हे मुलाखतीला जाताना लक्षात असू द्या.

आपल्याला कोणी असेही सुचवेल की पतींच्या नावे स्पॉन्सरशिप घ्या, किंवा आपण स्टुडंट व्हिसावर जा. माझा सल्ला तसा नाही. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करना डिपेंडंट आणता येत नाहीत. आपण त्याआधीपासून याच मार्गावर अखंड असल्यामुळे पती आणि मुलीचा हक्क टिकून आहे. हे सातत्य तोडले तर तो हक्क जाण्याचा धोका आहे. आपल्या अर्जासोबत त्या दोघांचेही अर्ज करा, कारण त्यांचा व्हिसा आपल्या व्हिसावरच उभा आहे. जीएनएमच्या आधारे एनएमसीची (ब्रिटनमधील नर्सेसच्या नियामक परिषदेची) नोंदणी मिळवून नर्स होण्याची वाट आपल्यापुढे खुली आहे आणि पुढच्या काळासाठी ती अधिक भक्कम आहे; पण त्यासाठीच्या सीबीटी (संगणकावरील) आणि ओएससीई (प्रात्यक्षिक) या परीक्षा साठ दिवसांत उरकणाऱ्या नाहीत. आधी नवा स्पॉन्सर, मग ती तयारी.

सहा हजार पौंडांच्या सीओएसला स्पष्ट नकार द्या. ३१ डिसेंबर २०२४ पासून दिलेल्या सीओएसचे शुल्क स्किल्ड वर्करकडून वसूल करण्यास स्पॉन्सरला मनाई आहे, आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी कामगार ठेवण्याबद्दलचा आकार) तर आधीपासूनच मालकाने भरायचा असतो. आपल्याकडून घेतले जाते ते फक्त व्हिसा अर्जाचे शुल्क. या व्हिसावर आरोग्य अधिभारही नाही. शिवाय अशा सीओएसमागे खरी नोकरी नसेल, तर आज निर्दोष असलेल्या आपण उद्या गैरप्रकारातील भागीदार ठराल. इमिग्रेशनचा सल्ला सॉलिसिटरकडून किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेल्या सल्लागाराकडूनच घ्या. नोंदणीशिवाय तो देणे ब्रिटनमध्ये गुन्हा आहे.

न मिळालेल्या तासांचे आणि थकलेल्या पगाराचे पैसे मागण्याचा हक्क परवाना रद्द झाल्याने बुडत नाही. नोकरीचा करार, सीओएसचा तपशील, पेस्लिप, बँक विवरण आणि रोटाचे (शिफ्टच्या वेळापत्रकाचे) व्हॉट्सअ‍ॅप संदेश जपून ठेवा. आपल्या नावे किती पगार नोंदला गेला ते एचएमआरसीच्या (ब्रिटनच्या कर विभागाच्या) खात्यात दिसते. एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलसाठी तीन महिन्यांतून एक दिवस कमी, हीच मुदत धरून चाला आणि त्याआधी अ‍ॅकासकडे (मालक-कामगार तंटे मिटवणाऱ्या संस्थेकडे) समेटाची नोंद करा.

साठ दिवसांत काहीच जमले नाही, तर मुदत संपल्यावर तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने परत गेल्यास ओव्हरस्टेबद्दलची (मुदतीनंतर राहिल्याची) पुनर्प्रवेशबंदी लागत नाही. त्यानंतर गेल्यास ती एक वर्षाची लागू शकते.

राहिला गावाकडचा एजंट. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे केंद्र सरकारचे नोंदणी प्रमाणपत्र असावे लागते आणि नोंदणीकृत एजंटलाही तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचे नाव शोधा. मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (उत्प्रवासी संरक्षक) कार्यालयाकडे तक्रार करा. पोलिसांत फसवणुकीची फिर्याद द्यायची झाल्यास व्यवहार १ जुलै २०२४ पूर्वीचा असल्याने भारतीय दंड संहितेचे कलम ४२० लागेल, नवी न्याय संहिता नव्हे. तक्रारीसाठी आपण स्वतः भारतात येण्याची गरज नाही. पैसे दिल्याच्या नोंदी आणि संदेशांच्या प्रती जोडून अर्ज ईमेलने पाठवता येतो आणि पाठपुराव्यासाठी आपल्या वडिलांना किंवा भावाला मुखत्यारपत्र देता येते.